गुंडावरचे नाव

भांड्यावर नाव नसेल तर ते भांडे आपले नव्हे, असा आमच्या लहानपणी एक अलिखित कायदा होता. कायदा अलिखित आणि भांडी मात्र लिखित! त्याला कारणही तसेच होते. आळीत कोणाकडे लग्न निघाले की साऱ्या घरांतली पातेली, पराती, घागरी आणि पाट त्या घरी जमा व्हायचे. चार दिवस ती भांडी एका पंक्तीला नांदायची आणि पाचव्या दिवशी परत वाटणी व्हायची. त्या वेळी पितळेची वीस पातेली ओळीने पालथी घातली की कोणते कोणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मग एकेक भांडे उचलून, उजेडाकडे तिरपे धरून, नाव वाचायचे आणि धनी शोधायचा.

ही नावे घालणारा एक गृहस्थ आमच्या अमडापुरात बाजाराच्या दिवशी यायचा. कासाराच्या दुकानाच्या पायरीवर पोते अंथरून बसायचा. भांडवल म्हणजे एक हातोडी आणि एक छिन्नी. भांडे दोन गुडघ्यांत पकडायचा आणि टक टक टक असा ठेका सुरू व्हायचा. एका ठिपक्याला एक घाव. ठिपक्याला ठिपका लागून काना, मात्रा, वेलांटी तयार व्हायची. खडूने आधी आखून घेण्याचीही त्याला गरज नसे. दर अक्षराप्रमाणे असायचा आणि त्यामुळे व्याकरणाची मोठी चर्चा पायरीवर रंगायची. काना-मात्रेला पैसे नाहीत, हे सर्वमान्य होते. पण जोडाक्षर एक धरायचे की दोन? "चि. सौ. कां." मधल्या टिंबांचे काय? आमचे वडील शाळामास्तर, पण या बाबतीत ते व्यापाऱ्याहून सवाई. आडनाव पुरे घालायचे नाही, आद्याक्षरांवर भागवायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे आमच्या घरातल्या भांड्यांवर वडिलांची तीन अक्षरे आणि तीन टिंबे एवढाच मजकूर. शेजारच्या सावकाराच्या पातेल्यावर मात्र आजोबांपासून सारी वंशावळ होती!

ही आठवण आज निघण्याचे कारण म्हणजे आमचे गावचे घर. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे अमडापूर आहे. बल्लाळदेवीचे गाव म्हणून आसपास त्याची ओळख. तिथले मातीच्या भिंतींचे आमचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे, असे दादाने ठरवले. घर पाडायचे म्हणजे आधी माळा रिकामा करायला हवा. "तुम्ही दोघे येऊन जा, काय हवे-नको ते पाहा," असा त्याचा फोन आला. म्हणून मी पुण्याहून आणि आक्का अकोल्याहून, अशी आम्ही भावंडे कित्येक वर्षांनी आईच्या माघारी त्या घरात एकत्र जमलो.

माळ्यावरून भांडी उतरली तेव्हा अंगण भरले. हंडे, कळश्या, तपेली, एक भले मोठे गंगाळ, आणि पाच गुंड. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. आमच्या वऱ्हाडात पाण्याच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. लग्न होऊन पहिल्यांदा गावी आल्या तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सासूबाईंच्या तोंडून "माजघरात पाच गुंड आहेत, त्यांतला एक घेऊन या" हे वाक्य ऐकले होते आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

दादाचा बेत सरळ होता. घराला पैसा लागणार. ही भांडी आता कोणी वापरत नाही. चिखलीचा मोडवाला किलोवर घेऊन जाईल. ज्याला आठवण म्हणून एखादे हवे त्याने ठेवावे. बोलणे व्यवहाराचे होते आणि त्यात लबाडी काहीच नव्हती. आक्का मात्र पाचांतल्या एका गुंडाजवळ जाऊन बसली.

"हा मोडीत घालायचा नाही. हा आईचा आहे."

"सगळंच आईचं होतं," दादा म्हणाला.

"नाही. बाकीचं बाबांचं होतं. हा तिने माहेराहून आणला."

"कशावरून? नाव आहे का?"

नाव नव्हते. बाकीच्या चार गुंडांच्या गळ्याखाली वडिलांची आद्याक्षरे स्पष्ट होती. या पाचव्याचे अंग चिंच आणि राख लावून वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेले. बोट फिरवले तर काही लागेना. दादा सहज बोलून गेला, "अगं, बाबांनीच घेतला असेल. आईकडचं या घरात काय होतं?"

त्याला टोचून बोलायचे नव्हते. पण आक्काने पदर डोळ्यांना लावला, आणि त्या रात्री आम्ही तिघे एका पंक्तीला जेवलो, पण बोललो मात्र फक्त पावसापाण्याचे.

आता थोडे दादाच्या मुलाविषयी. या पुतण्याने आयटीआय केल्यावर नोकरीच्या मागे न लागता कर्ज काढून एक यंत्र घेतले आहे आणि हमरस्त्यावर दुकान थाटले आहे. पाटीवर लिहिले आहे : "येथे लेसरने नावे टाकून मिळतील." पोरगे रात्री उशिरा घरी आले, आईकडून सारी हकीकत त्याने ऐकली, आणि सकाळी चहा घेताना मला म्हणाले, "काका, आत्याले घेऊन दुकानावर या. गुंडही आणा. पाहू आपण."

आम्ही गेलो. यंत्र म्हणजे शिवणयंत्राएवढ्या टेबलावर एक खांब, खांबावर पुढे आलेले एक डोके, आणि बाजूला संगणक. छिन्नी नाही, हातोडी नाही. गिऱ्हाईक स्टीलचा डबा घेऊन उभेच होते. पुतण्याने नाव टंकले, डबा खाली ठेवला, मला एक रंगीत काचेचा चष्मा दिला आणि म्हणाला, "हा घातल्याबिगर तिकडे पाहायचं नाही." बारीक सूं सूं असा आवाज झाला, डब्यावर एक पांढरी ठिणगी धावली, आणि मी खिशातून रुमाल काढेपर्यंत "सप्रेम भेट"पासून साऱ्या परिवाराच्या नावांपर्यंत सहा ओळी उमटल्या होत्या. येथे अक्षराला दर नाही. सहा अक्षरे घाला की साठ, फरक काही सेकंदांचा. अक्षर स्वस्त झाले की माणसे किती बोलकी होतात, हे आजकालच्या आहेरांच्या भांड्यांवर पाहावे. आमचे वडील हे पाहायला हवे होते!

ही किमया काय आहे ते मी पुतण्याकडून आणि पुढे पुस्तकांतून समजावून घेतले. ते वाचकांनाही सांगतो, कारण उद्या तुमच्या घरी मुंज निघाली की तुम्हालाही अशा दुकानात जावेच लागणार.

या यंत्रातला उजेड तयार होतो तो केसासारख्या बारीक काचतंतूत. त्या काचेत यिटर्बियम नावाचे द्रव्य अगदी थोडे मिसळलेले असते. त्याला बाहेरून प्रकाश पाजला की ते स्वतःचा, एकाच जातीचा आणि एकाच शिस्तीने चालणारा प्रकाश देऊ लागते. या शिस्तीचे मूळ गणित आइन्स्टाइनने १९१७ साली मांडले. ते प्रत्यक्षात आणायला मात्र १९६० चा मे महिना उजाडला. अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढून दाखवला. पुढच्याच वर्षी एलियास स्निट्झरने काचतंतूतून तो काढला. आणि १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा जो लेसर निघाला, त्याचा जनक आपल्या बारामतीत जन्मलेला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला! चंद्रकुमार नारणभाई पटेल हे त्यांचे नाव. लाकूड, चामडे, काच यांवर आज जी नक्षी होते ती बहुधा त्यांच्याच जातीच्या लेसरने. पण चकचकीत धातू त्या लांब लहरींना आरशासारखा परत फेकतो. धातूवर अक्षर काढायचे तर लहर दहापट आखूड हवी, आणि ती हा काचतंतूचा लेसर देतो.

पुतण्याचे यंत्र वीस वॅटचे. एवढ्या विजेवर घरातला दिवा लागतो. पितळ कसे कोरले जाणार? येथेच खुबी आहे. तो प्रकाश सलग पडत नाही. सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून जास्त ठोके पडतात आणि एकेक ठोका सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढाच टिकतो. सारी शक्ती त्या निमिषात कोंबली गेल्यामुळे तेवढ्यापुरता तो वीस वॅटचा दिवा दहा हजार वॅटचा होतो, आणि तोही केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर. धातूचा तेवढा कण वितळतो, उकळतो आणि उडून जातो. ठिपका कुठे पडायचा ते दोन चिमुकले आरसे भराभर हलून ठरवतात. म्हणजे हाही ठिपक्याला ठिपका लावूनच लिहितो. फक्त याची हातोडी उजेडाची.

गृहिणींसाठी दोन गोष्टी पुतण्याने मुद्दाम सांगितल्या. स्टीलवर दोन तऱ्हांनी नाव निघते. एक खोल कोरून, दुसरे नुसते तापवून. नुसते तापवले की पृष्ठभाग काळा पडतो आणि काळी, गुळगुळीत अक्षरे दिसतात. पण स्टीलला गंजापासून राखणारा जो अदृश्य पापुद्रा असतो, तो लेसरच्या जागी दुखावतो. म्हणून नाव भांड्याच्या बाहेरच घालून घ्यावे, आत कधीही नाही, आणि मिठाचे पाणी त्यावर साचू देऊ नये. दुसरी गोष्ट डोळ्यांची. हा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. जी ठिणगी दिसते ती जळत्या धातूची. न दिसणारा प्रकाश आरशासारख्या भांड्यावरून उलटून डोळ्यांत गेला तर पडद्याला कायमची इजा होते, आणि पापणी मिटायची सूचनाही मिळत नाही. तेव्हा मुलांना "गंमत पाहा" म्हणून टेबलापाशी उभे करू नये. साधा काळा चष्माही येथे चालत नाही. त्या लहरीसाठी केलेलाच लागतो.

आणि लेसरचे अक्षर आपल्या घरी आलेलेच नाही असे कोणी समजू नये. अलीकडे घेतलेली सोन्याची अंगठी आतून भिंगाखाली पाहा. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कबरोबर प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरी-आकडी खूण मिळू लागली, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्या खुणेवाचून विकता येत नाही. ती खूण लेसरनेच उमटवतात, आणि ती खरी की खोटी हे बीआयएस केअर या ॲपवर घरबसल्या पाहता येते. सौभाग्यवतींच्या अंगठीवर आमचे नाव नाही, पण भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे. त्यांचा विश्वास कोणावर जास्त आहे हे मी विचारलेले नाही.

असो. गुंड टेबलावर ठेवला. मला वाटले, आता हे यंत्र जादूने जुने नाव उजळणार. पुतण्याने यंत्राला हातही लावला नाही. त्याने दुकानाचे शटर अर्धे ओढून अंधार केला, मोबाइलचा दिवा लावला, आणि तो गुंडाच्या अंगाला जवळजवळ टेकवून, अगदी आडवा धरला. मग सावकाश फिरवू लागला.

गळ्याच्या बोटभर खाली एके ठिकाणी पितळेवर सावल्यांचे ठिपके उठले. एक, दोन, पाच, दहा. ठिपक्याला ठिपका लागला. आक्काने माझा हात घट्ट धरला. आधी एक वेलांटी दिसली, मग काना, मग पुरे अक्षर. तीन अक्षरी नाव. आईचे, पण आम्हाला ठाऊक असलेले नव्हे. तिचे माहेरचे नाव, आणि पुढे आजोळच्या आजोबांचे. ते नाव मी येथे छापत नाही; ते तिचे आहे. दुसऱ्या अक्षराला वेलांटी ऱ्हस्व हवी होती, ती दीर्घ पडलेली होती.

"हातोडीचं अक्षर मरत नाही, काका," पुतण्या म्हणाला. "वरून घासलं गेलं तरी खालचं पितळ दबून बसलेलं असते. मोटारीच्या इंजिनाचा ठोकलेला नंबर चोरानं कानशीनं घासला, तरी पोलिसांच्या प्रयोगशाळेत तो वर काढतात ते त्याच्यामुळंच. माझ्या लेसरचं तसं नाही. तो पितळ उडवून देते, खाली दाबत नाही. माझं अक्षर पुरतं घासलं गेलं, की मग ते शोधाले लय कठीण." स्वतःच्या यंत्राची उणीव गिऱ्हाइकासमोर सांगणारा धंदेवाला मी प्रथमच पाहिला.

आमच्याकडे लग्नात नव्या नवरीचे नाव बदलायची चाल होती. ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचा, पेढे वाटले जायचे, आणि मुलगी त्या क्षणापासून दुसरी कोणी व्हायची. तांदळात लिहिलेले ते नाव आईला जन्मभर पुरले. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच, शेवटच्या दाखल्यावरही तेच. आणि पितळेवर ठोकलेले पहिले नाव ती स्वतःच्याच हाताने रोज चिंच लावून घासत राहिली. ती त्याकडे कधी पाहत असेल का, हे विचारायचे आम्हा तिघांपैकी एकालाही कधी सुचले नाही.

आमच्या गावाला कोरीव अक्षरांचे वेड जुने आहे. यादव राजा सिंघण याच्या काळातला, शके ११३३ चा शिलालेख अमडापूरचाच. पण त्या दिवशी मला आठवली ती वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. हीसुद्धा विदर्भाची सून. सोळाशे वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तिने एक दानपत्र तांब्यावर कोरवले. ते पुढे पुण्यातल्या एका तांबट कुटुंबाकडे मिळाले. त्यात राणीने वंशावळ दिली ती नवऱ्याकडची नव्हे, माहेरची, गुप्तांची. आणि गोत्रही सांगितले ते वडिलांचेच. राज्य हातात असलेल्या बाईला हे जमले. आमच्या आईच्या वाट्याला तांब्याचा पत्रा आला नाही, एक गुंड आला.

दुकानात दादा केव्हा येऊन उभा राहिला ते आम्हाला कळले नाही. त्याने पोराच्या हातून दिवा घेतला, स्वतः आडवा धरला, आणि बराच वेळ वाचत राहिला. तीन अक्षरे वाचायला इतका वेळ लागत नाही. मग म्हणाला, "आक्का, हा तू घेऊन जा." एवढेच. आदल्या रात्रीच्या बोलण्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि आक्कानेही बोलू दिले नाही.

पुतण्याने विचारले, "आत्या, याच्यावर नाव पुन्हा ठळक करून देऊ?"

"हात लावू नको," आक्का म्हणाली. "आहे तसं राहू दे."

"तसंही हे माझ्या यंत्रात नीट बसत नाही," तो हसून म्हणाला. यंत्राचा उजेड ठराविक उंचीवरच नेमका एकवटतो. दोन-तीन मिलिमीटर खाली-वर झाले की अक्षर फिके. गोल पोटाच्या मोठ्या भांड्यावर मधले अक्षर काळेभोर आणि कडेची पुसट येतात. अशी मोठी भांडी तो आजही त्या जुन्या नाववाल्याच्या मुलाकडे पाठवतो. तो आता पायरीवर बसत नाही, घरीच काम घेतो. पण संस्थानांचे हंडे आणि गंगाळे त्याच्याकडेच जातात.

मग आक्काने दुसरीच गोष्ट काढली. आईला तीन नाती : दादाची एक, आक्काची एक, माझी एक. तिघींसाठी तिने कासाराकडून पितळेच्या तीन वाट्या आणवल्या. पुतण्याने आडव्या उजेडात गुंडाचा फोटो घेतला, संगणकावर ठिपका न् ठिपका गिरवून घेतला, आणि तेच अक्षर, त्याच वळणाचे, वाट्यांवर उतरवले. गिरवताना तो थांबला. "ही वेलांटी चुकली आहे. सुधारू?" मास्तरांची आम्ही मुले, शुद्धलेखन आमच्या रक्तात. तरी तिघांच्या तोंडून एकदमच "नको" निघाले.

तीन वाट्या झाल्यावर दादाने पिशवीतून देवघरातला तांब्या काढला. तो घरून निघतानाच त्याने बरोबर घेतला होता. "याच्यावर पण तेच घाल." तांबे मोठे हट्टी. ते या उजेडातला बहुतेक भाग परतच फेकते. पुतण्याला त्याच अक्षरांवरून पुनःपुन्हा आठ वेळा फिरावे लागले. दादा तोवर दाराकडे तोंड करून उभा होता.

बाकीची भांडी मोडीत गेली, आणि जायलाच हवी होती. नव्या घराच्या कोब्याला ती लागली. गुंड अकोल्याला आहे. वाटी आमच्याकडे. मुलीला मी नाव वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ही कोण?" आजी, म्हणून सांगितले. तिला आजीचे हे नाव ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे.

दिवाळीची घासपूस आता तुमच्याही घरी झाली असेल, किंवा उरलेली असेल. एखादे जुने पितळी भांडे हाती लागले तर ते मोडवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी एकदा दिवा आडवा धरून पाहा. फार वेळ लागत नाही.